धारण्या-पारण्यातलं औषध

आमच्या घरात औषध कमी आणि औषधावरचा वाद जास्त असे. पुण्याला हे नवं नाही. इथे माणूस अंथरुणाला खिळला की आधी शेजारी मत देतात, मग शास्त्री देतात, आणि उरलंच काही तर वैद्याला विचारतात. पण मी सांगते आहे त्या वर्षीच्या वादात गंमत नव्हती. एका बाजूला सासूबाईंचा जीव होता, दुसऱ्या बाजूला माझं कुंकू होतं, आणि औषधाची वाटी माझ्या हातात होती.

राज्य तेव्हा श्रीमंतांचं होतं. आता गोऱ्यांचा अंमल आहे, खडकीला त्यांच्या पलटणी आहेत, आणि वाड्यावरचा चौघडा थांबून इतकी वर्षं झाली की तो कसा वाजत असे हे तरुण माणसांना सांगावं लागतं. मी तो विसरणं शक्य नाही. माझ्या औषधाच्या वेळा त्या चौघड्यावर होत्या.

आमचं घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, याज्ञिकी करत. धर्मशास्त्राच्या पोथ्या त्यांना तोंडपाठ होत्या आणि बायकोशी बोलताना त्यातलं काहीच उपयोगी पडत नसे. सासूबाईंची मुलं झाली तशी गेली, एकटे हेच, माझे यजमान, वाचले. हे एका सरदाराच्या फडावर कारकून होते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं आणि फौजेबरोबर हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेकडे, निघाले. कमरेला तलवार नाही, काखेत दप्तर. पण तिकडचा ताप दप्तर बघून माणसाला सोडत नाही. हे निघाले तेव्हा मला दिवस गेल्याची माझीच मला खात्री नव्हती, तर त्यांना काय सांगणार?

पावसाळ्याच्या तोंडी फौज परतेल असं सगळे म्हणत होते. फौज परतली नाही, तिकडेच छावणी पडली. ज्येष्ठात एक जासूद पेठेतल्या तीन-चार घरांचे निरोप घेऊन आला. आमच्या घरचा निरोप असा, की तापाने अंग धरवत नाही, डोलीत घालून नेत आहेत. त्यानंतर महिनेच्या महिने काही कळलं नाही. ज्येष्ठ संपता संपता मला मुलगी झाली. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं आणि सासूबाईंनीच केलं. त्यांची जीभ जितकी कडक, तितकाच बाळाला न्हाऊ घालणारा हात मऊ होता. "मुलगी तर मुलगी," त्या म्हणाल्या, "बापाने येऊन तोंड बघितलं की झालं."

सोयर फिटलं आणि आषाढी आली. त्या दिवशी सासूबाई देवापुढे बसल्या आणि त्यांनी चातुर्मासाचा संकल्प केला. मी बाळंतिणीच्या खोलीतून दाराआडून ऐकत होते. चार महिने धारणं-पारणं करायचं, म्हणजे एक दिवस उपास आणि एक दिवस एकच जेवण, तेही एकदा वाढलेलं, पुन्हा मागायचं नाही. त्याखेरीज श्रावणात भाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळ नाही. मामंजींनी पळीने हातावर पाणी दिलं, मंत्र म्हटला, मुलगा सुखरूप घरी येवो म्हणून पाणी सोडवलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी पुन्हा हात पुढे केला आणि साध्या मराठीत म्हणाल्या, "यातलं काही मोडलं, तर माझ्या पोराचं बरंवाईट माझ्या माथी."

"हे संकल्पात नाही," मामंजी म्हणाले.

"पोथीत नसेल. माझ्या संकल्पात आहे."

आम्ही सगळे अडकलो ते त्या एका वाक्यात. व्रत मोडलं तर प्रायश्चित्त असतं, दान असतं, पोथीत पळवाटा भरपूर असतात. पण आईने स्वतःच्या तोंडाने घातलेल्या अटीला पळवाट कुठून आणायची?

श्रावणात त्यांचं पोट बिघडलं. आधी आम्ही उपासाचं खाणं बाधलं असेल म्हणून सुंठ दिली, कुड्याची साल दिली. उतार पडेना. खाल्लेलं अंगी लागेना, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, पायावर सूज आली. मामंजींनी बुधवार पेठेतल्या वैद्यबुवांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि हा संग्रहणीचा विकार आहे, पर्पटीवर ठेवावं लागेल, असं सांगितलं. पर्पटी म्हणजे पारा-गंधकाची काळी पापडी. ती खलून भाजलेल्या जिऱ्याबरोबर द्यायची आणि वर ताक. अन्न बंद, मीठ बंद, पाणीदेखील बंद. तहान लागली तरी ताक, भूक लागली तरी ताक. मात्रा रोज थोडी चढवत न्यायची आणि मग तशीच उतरवत आणायची.

"मधला एक दिवस चुकला तर केलेलं सगळं पाण्यात," वैद्यबुवा माझ्याकडे न बघता मला म्हणाले, कारण देणारी मीच होते. "आणि पारा आहे हा. पोटात ताक नसताना गेला तर आतडी जाळेल. पहाटे, मध्यान्ही, तिन्हीसांजेला. खंड पडता कामा नये."

मी वेळा चौघड्याशी बांधल्या. पहाटेचा चौघडा झाला की खल घ्यायचा, मध्यान्हीचा झाला की ताक घुसळायचं, सांजेचा झाला की पुन्हा खल. इतकं सोपं काम कुणालाही जमेल. पण आमचा रोगी दिवसाआड उपाशी राहायचा होता.

मामंजींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. पाणी, कंद, फळ, दूध, तूप यांनी व्रत मोडत नाही आणि औषधानेही मोडत नाही, असं शास्त्रच सांगतं. आम्हाला वाटलं, सुटलो. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषध ती काळी पापडी. ती मी घेईन. ताक हे अन्न आहे."

"ताक हे अनुपान आहे, औषधाबरोबर घ्यायचं," वैद्यबुवा म्हणाले.

"अनुपान वाटीभर असतं. तांब्याने पितात त्याला जेवण म्हणतात."

वैद्यबुवांनी उपरणं झटकलं. "अहो शास्त्रीबुवा, मला तुमच्या मंडळींची नाडी बघायला बोलावलं की वाद घालायला?"

सासूबाई पारण्याच्या दिवशी निमूटपणे पापडी घेत, ताक पीत. धारण्याच्या दिवशी ओठ मिटून घेत. म्हणजे एक दिवस मी औषध चढवायची आणि दुसऱ्या दिवशी ते उतरायचं. तशात भाद्रपद लागला आणि दही वर्ज्य झालं. मामंजींनी पोथी काढून दाखवलं की दह्याच्या व्रतात ताकाला मनाई नाही. सासूबाई उशीवरून डोकं उचलून म्हणाल्या, "दही घुसळलं की त्याचा दोष कुठे जातो हो? लोण्यात की ताकात?" मामंजींनी पोथी बांधून ठेवली. मला मात्र हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, कारण आता पारण्याच्या दिवशीचं ताकही बंद झालं होतं.

ते दिवस अजून आठवतात. मी चौघड्याची वाट बघायची आणि चौघडा झाला की त्याचा राग यायचा. ताक घुसळायचं, वाटी घेऊन जायचं, त्या मान फिरवायच्या, वाटी परत आणायची. त्यांना ग्लानी येई तेव्हा ओठ उघडे पडत, आणि त्या "पाणी, पाणी" करत. पाणी म्हणून दोन पळ्या ताक घातलं असतं तर कळलंही नसतं. पळी हातात घेऊन मी बसून राहायची. माझ्या मनात एकच चाले. मी हे घातलं आणि तिकडे यांचं काही झालं तर? सासूबाईंनी सगळं स्वतःच्या माथी घेतलं होतं, पण पांढरं कपाळ कुणाचं होणार होतं? केशवपन कुणाचं? मुलीला कडेवर घेऊन माजघराच्या कोपऱ्यात आयुष्य कुणी काढायचं? माझा त्या अटीवर विश्वास होता का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पळी मात्र उचलवत नव्हती. मला सासूबाईंची दया येत होती आणि त्यांचा संतापही येत होता. मरायचं तर मरा, पण त्या मरणाला माझ्या नवऱ्याचा जीव कशाला बांधून ठेवलात, असं मी मनातल्या मनात हजारदा म्हटलं असेल.

शेजारच्या बायका हौदावर पाण्याला भेटत. त्यांना सासूबाईंच्या पोटाची चौकशी नसे. "व्रत नीट चाललंय ना? मध्ये काही मोडलं नाही ना?" असं विचारत. त्यांच्यातल्या दोघींचे नवरे त्याच फौजेत होते. त्यांनाही वाटत असावं की आमच्या घरच्या उपासात थोडा वाटा आपलाही आहे. एखादीचं भांडं भरलं तरी ती उत्तरासाठी थांबून राही. मी "चाललंय" म्हणून घागर उचलायची.

भाद्रपदाच्या मध्यावर वैद्यबुवा म्हणाले की आता आपल्या हातात फार नाही. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. पोथ्यांचा सगळा गठ्ठा सोडून बसले आणि संध्याकाळी सासूबाईंच्या अंथरुणाशी येऊन म्हणाले, "आजारी माणसाचं व्रत प्रतिनिधीने केलं तर चालतं. नवरा, मुलगा, सून, पुरोहित, कुणीही. फळ मूळ माणसालाच मिळतं. मोडत काही नाही."

सासूबाईंनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्हाला भूक आवरत नाही. सून करेल."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सासूबाई ताक पिणार होत्या, व्रत राहणार होतं, हे सुखरूप येणार होते. काय बिघडलं होतं? मामंजींनी माझ्या हातावर पाणी दिलं आणि मी ते सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "माझी अट पण आली हो त्यात." मी मान हलवली. शास्त्र धुंडाळताना एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, माझ्यासुद्धा नाही. ज्या पोथीत प्रतिनिधी सांगितला आहे त्याच पोथीत तान्ह्या मुलाच्या आईला उपासातून सूट आहे. माझी मुलगी अंगावर पीत होती.

भाद्रपद निभावला. धारण्याच्या दिवशी दूध चालत होतं, केळी होती, रताळी होती. मी तरुण होते, कामाला वाघ होते. पहाटे सासूबाईंना औषध, मग धुणं, ताक, स्वयंपाक, पुन्हा औषध. सासूबाईंना उतार पडला. आठवड्यात पायाची सूज ओसरली, आवाज आला, आणि आवाजाबरोबर माझ्या ताकाला नावं ठेवणंही आलं. "अगं, हे ताक आहे की नदीचं पाणी?" त्या विचारत. मी हसून अधिक घट्ट ताक आणायची. आमच्या घरात इतकं हलकं पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

मग आश्विन लागला आणि दूध बंद झालं. धारण्याच्या दिवशी आता केळं आणि पाणी, पारण्याच्या दिवशी एकदाच वाढलेलं पान. माझं दूध आटत गेलं. आधी मुलगी प्यायल्यावर पुन्हा तोंडाने शोधायची, मग रडायची, मग तिचं रडणं बारीक होत गेलं. गाईचं दूध बोंडल्याने पाजून पाहिलं, ती ओकून टाकायची. पेठेत दुसरी बाळंतीण नव्हती असं नाही, पण तिची सासू आपल्या नातवाच्या तोंडचं दुसऱ्याला देईना. तिचं तरी काय चुकलं? माझ्या मुलीच्या टाळूचा खळगा दिसू लागला. मांडीवर घेतली की वजन लागेना.

वैद्यबुवा सासूबाईंची नाडी बघायला आले होते. त्यांची नजर मुलीकडे गेली आणि ते नाडी सोडून उठले. मला दाराशी उभं करून त्यांनी सांगितलं की उपास आजपासून बंद, दोन वेळा पोटभर जेवायचं, आणि सकाळ-संध्याकाळ शतावरीचं चूर्ण दुधातून घ्यायचं. पुडी त्यांनी लगेच काढून दिली. "पोरीला औषध नाही," ते म्हणाले, "औषध तुला आहे. ते तुझ्यातून तिला जायचं."

मामंजी घाईघाईने म्हणाले, "औषधाला दोष नाही. मी सांगतो ना, औषधाने व्रत मोडत नाही."

आणि मी, जिने महिनाभर सासूबाईंच्या हट्टावर दात-ओठ खाल्ले होते, ती मी दाराआडून म्हणाले, "चूर्ण ते औषध, मामंजी. पाण्यातून घेईन. दूध ते दूधच."

माझ्या तोंडून शब्द गेले आणि मला स्वतःची भीती वाटली. सासूबाई माझ्या अंगात आल्यासारख्या बोलल्या होत्या. मला सगळं समजत होतं. मुलगी डोळ्यांसमोर वाळत होती, आणि नवरा कुठे आहे, आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. शहाण्या बाईने काय करावं ते लहान पोरानेही सांगितलं असतं. पण पाणी माझ्या हातावरून सुटलं होतं. मी दूध प्याले आणि उद्या जासूद दारात उभा राहिला, तर? मग मुलगी मोठी होऊन माझ्या बोडक्या डोक्याकडे बघेल तेव्हा मी तिला काय सांगू, की तुझ्यासाठी तुझा बाप घालवला? मामंजींनी दूध तापवून पेला माझ्यापुढे ठेवला. पुरुषाने चुलीशी जाऊन दूध तापवलं, यावरून त्यांची अवस्था समजावी. मी पेल्याला हात लावला नाही. दुधावर साय धरली, ती मी बघत बसले. मुलगी मांडीवर होती. ती रडतही नव्हती.

पलीकडे सासूबाईंचं अंथरूण होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंत धरून उठल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. किती दिवसांनी त्या स्वतःच्या पायांनी चालल्या होत्या!

"माझं व्रत मला परत दे," त्या म्हणाल्या.

मामंजी म्हणाले, "अगं, तुझी मात्रा अजून उतरायची आहे. आता ताक सोडलंस तर..."

"प्रतिनिधी मी नेमला. काढणारीही मीच. तुमच्या पोथीत असलं तर असो, नसलं तर लिहून ठेवा." मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मुलासाठी धरलं होतं गं मी हे. नातीच्या तोंडचं काढून मुलाला वाढायचं, असा नव्हता माझा बेत. तसं वाढलेलं देवाला तरी गिळवेल का?"

त्यांनी मामंजींना पळी आणायला लावली, आणि मामंजींनी आणली. अजूनही मला कळत नाही की त्यांनी का आणली. बायकोपुढे त्यांचं कधी चाललं नाही म्हणून, की मांडीवरची नात बघून? पाणी सुटल्यावर सासूबाईंनी पेला उचलून माझ्या हातात दिला, चूर्णाची पुडी स्वतः त्यात उलटली, आणि म्हणाल्या, "पी. सगळं. तळ दिसू दे मला."

मी प्याले. दूध गार झालं होतं आणि चूर्णाची कडू चव जिभेवर राहिली, तरी ते मला किती गोड लागलं हे सांगायची मला लाज वाटत नाही. पोटात ऊब गेली तसं मला हुंदका आला. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? रडणाऱ्या बाईचं दूध पातळ होतं."

त्यानंतर औषधाच्या वेळा माझ्या होत्या. पहाटेचा चौघडा झाला की सासूबाई पलीकडून हाक मारत, "शतावरी!" सांजेचा झाला की पुन्हा. मी दूध पीत असे आणि त्या धारणं करत पडून असत. मी रोज ताकाची वाटीही घेऊन जायची, आणि त्या धारण्याला उपास म्हणून, पारण्याला "ताक दुधाचंच ना?" म्हणून मान फिरवायच्या. वैद्यबुवांनी एकदा येऊन पाहिलं, हात जोडले, आणि ते पुन्हा आले नाहीत. मुलगी कोजागिरीनंतर अंग धरू लागली. सासूबाई तिला जवळ निजवायला सांगत आणि तिच्या दंडाला वळी पडते का ते बोटाने चाचपून बघत. माझं पोट भरलेलं असे आणि त्यांचं रिकामं, आणि एकाच खोलीत आम्ही दोघी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं करत असू. त्या खोलीतून उठून पळत सुटावं असं मला वाटे. जायचं कुठे, हा प्रश्न होताच.

कार्तिकी आली. व्रत यथासांग पार पडलं, काही मोडलं नाही. मामंजींनी उद्यापन केलं. सासूबाईंनी पळीभर वरण आणि दोन शितं तोंडात घेतली आणि "मीठ कमी आहे" म्हणाल्या. कार्तिक सरायच्या आत त्या गेल्या.

मार्गशीर्षात हे आले. हडकुळे, काळवंडलेले, पण धडधाकट. दारात आईला हाक मारली. मामंजी पुढे झाले, आणि मी आत मुलीला घेऊन उभी राहिले. त्या दिवशी पेठेतल्या बायका आमच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून गेल्या. आईने जीव दिला आणि मुलाचा जीव आणला, असं सगळे म्हणाले. हेही म्हणाले आणि रडले. मीही तेच मानलं. न मानून कसं चालेल? सासूबाईंचं मरण कुठेतरी कामी आलं, एवढ्या आधारावर मी त्या घरात पुन्हा चूल पेटवत होते.

पुढच्या दसऱ्याला हे पुन्हा निघाले, या खेपेला कर्नाटकात. पावसाळ्यात फौज पुन्हा बाहेरच राहिली. आषाढीला मी न सांगता देवापुढे जाऊन बसले. मुलगी आता घरभर पळत होती, पण रात्री अजून अंगावर प्यायची. धारणं, पारणं, भाजी, दही, दूध, डाळ, सगळं मनाशी ठरवून मी हात पुढे केला.

मामंजींनी पळी उचलली. माझ्या हाताकडे पाहिलं, आणि पळी पंचपात्रात परत टाकली. "या घरात आता पाणी सुटायचं नाही," ते म्हणाले.

त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तुमचं काय जातंय? त्यांना काही झालं तर तुम्ही पोथी वाचाल. माझं काय? सासूबाई असत्या तर त्यांनी नाही म्हटलं नसतं."

"म्हणून तर ती नाही," मामंजी म्हणाले. "जा. दूध पी आणि पोरीला घे."

त्या चार महिन्यांइतकी मी कधी घाबरले नसेन. व्रतात निदान काहीतरी करत असल्याचं समाधान होतं. आता दोन वेळा जेवायचं आणि भ्यायचं. घास तोंडात फिरायचा. ताक प्यायचं तरी वाटे, हे कुणाच्या जिवावर पिते आहे मी? हौदावर बायकांनी विचारलं, "यंदा कुणी धरलंय?" मी खोटं सांगितलं नाही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांच्यातली एक म्हणाली, "असेल बाई जिगर." मामंजींशी मी कामापुरतंच बोलत होते. यांचं काही वाईट झालं असतं तर मी त्या म्हाताऱ्या माणसाला जन्मभर क्षमा केली नसती, हे त्यांनाही कळत असावं. तरी ते रोज माझ्या पानाकडे नजर टाकून मी जेवले की नाही ते बघत.

दिवाळीनंतर हे परत आले. ताप नाही, जखम नाही, उलट अंगाने भरलेले. मुलगी त्यांना ओळखेना म्हणून हसत होते, तिच्यासाठी आणलेली लाकडी बाहुली दाखवत होते. मामंजींचे हात जोडलेले होते. मी दाराशी उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली, की कुणी काही धरलं नव्हतं, मी दोन्ही वेळा जेवत होते, आणि हे आले. म्हणजे त्या वर्षीही आलेच असते. सासूबाई ताक पीत राहिल्या असत्या तरी आले असते.

मी खांबाला टेकून खाली बसले आणि सासूबाईंसाठी रडले. त्या गेल्या तेव्हा रडले नव्हते इतकं रडले. जमलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि नवरा घरी आला की असंच होतं, आनंद आवरत नाही, असं एकमेकींना सांगत होत्या.